मरण पुढच्या सीटवर

मराठीत ड्रॅगन नाही, ही गोष्ट दोन हजार चौदा साली माझ्या मनाला फार लागली होती. इतरांना त्या साली वेगळी दुखणी असतील, माझं हे होतं.

तलासरीच्या एका सरकारी कचेरीत मी आवक-जावक बघायचो. टपाल आलं की शिक्का, टपाल गेलं की शिक्का. दोन शिक्क्यांच्या मध्ये जो वेळ उरे, त्यात मी कादंबरी लिहीत होतो. कादंबरीत डोंगर होते, सात राज्यं होती, एक शापित तलवार होती आणि सगळ्यांच्या वर, काळ्या शिखरावर, महाकालाग्नी नावाचा ड्रॅगन होता. तो साधासुधा ड्रॅगन नव्हता. तो साक्षात मरण होता. ज्याची वेळ भरली त्याच्या दारात तो पंख मिटून उतरायचा आणि आधी भाषण करायचा. पहिल्या प्रकरणात नुसत्या त्याच्या डोळ्यांचं वर्णन अकरा पानं होतं.

डहाणूच्या मसोलीतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत या कादंबरीला एकच वाचक होता, आणि तोही लग्न लागल्यामुळे. बायकोनं चाळीसेक पानं वाचली, वही पोळपाटाशेजारी ठेवली आणि म्हणाली, "तुमचं मरण फार बोलतं हो."

"ते प्रतीक आहे."

"असेल. पण माझे आजोबा गेले तेव्हा कुणी एवढं बोललं नव्हतं. ज्याला न्यायचं त्याला झोप येईल की!"

मी तिला माफ केलं. लेखकाला घरात कोणी ओळखत नाही, असं मी तेव्हा मानायचो. घरच्यांनी मला नीट ओळखलं होतं, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

तर मी एका प्रकाशकाला पत्र टाकलं. उत्तर आलं की हस्तलिखित सवडीने पाहू, मुखपृष्ठाची काही कल्पना असल्यास कळवावी. या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी वाचलाच नाही. मुखपृष्ठ! म्हणजे पुस्तक ठरलंच की! मी कचेरीतल्या एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर महाकालाग्नीचं चित्र काढलं आणि आमच्या शिपायाला दाखवलं. शिपाई तलासरीच्या पूर्वेकडच्या, डोंगराला टेकलेल्या एका गावचा. सालस माणूस, फक्त खरं बोलायची वाईट खोड.

"साहेब, हा चायनीजच्या गाडीवरचा ना? हायवेला, पंपाच्या बाजूला?"

"त्याच्यापेक्षा भयंकर."

"तिथलं नूडल पण भयंकरच आहे," तो म्हणाला.

मला त्या चित्रावरून खराखुरा मुखवटा करून हवा होता. तो घालून कुणाला तरी डोंगरावर उभं करायचं, फोटो काढायचा, आणि मुखपृष्ठ तयार. शिपाई म्हणाला की त्याच्या गावी एक म्हातारा आहे, बोहाड्याचे मुखवटे करतो. बोहाडा म्हणजे त्या बाजूचा उत्सव. गणपती, मारुती, रावण, महिषासुर असे मोठमोठे मुखवटे लावून गावातले लोक संबळावर नाचतात. प्रत्येक मुखवट्याला तिकडे सोंग म्हणतात, आणि प्रत्येक सोंग एकेका घराचं असतं. गणपती नाचवणारं घर वेगळं, रावणाचं वेगळं. बाप थकला की मुलगा नाचवतो. हे सगळं शिपायानं मला मोटरसायकलवर मागे बसून सविस्तर सांगितलं. मी वाऱ्यात "हो हो" म्हणत होतो आणि मनात अर्पणपत्रिका जुळवत होतो.

म्हातारा अंगणात बसून घमेल्यात कागद भिजवत होता. रद्दी, लग्नपत्रिका, साखरेच्या पुड्यांचे कागद, सगळं भिजून त्याचा लगदा झाला होता. त्यात चिंचोक्याची खळ घालून तो मळत होता. लगद्यातून एक चतकोर कागद वर आला. त्यावर आमच्या कचेरीचा गोल शिक्का होता, मी मारलेला. आपल्या हातचं काहीतरी देवाच्या नाकात जाणार, हे पाहून मला बरं वाटलं.

मी चित्र पुढे केलं. त्यानं ओले हात धोतराला पुसून ते उलटं धरलं, मग सुलटं.

"हा कोण?" इकडे सगळ्यांना तू म्हणतात, कलेक्टरलाही. त्यामुळे पुढच्या कुठल्याही "तू"चा मला राग आला असं समजू नये.

"ड्रॅगन."

"तो कोण?"

"मरणाचं रूप, बाबा. मरण."

"यम सांग ना मग."

"यम नाही. यम रेड्यावर बसतो, ते जुनं झालं. हा उडतो."

म्हाताऱ्यानं चित्र बारकाईनं पाहिलं. "ही तर घोरपड आहे. घोरपडीला पंख कशाला? ती तशीच चढते."

"आणि आग ओकतो," मी म्हणालो.

"मरण आग ओकत नाय. मरण येतं नि बसतं."

मी ते वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. अकरा पानं डोळ्यांवर लिहिणाऱ्या माणसाला चार शब्दांचं वाक्य दिसत नाही.

पण चित्र त्याला आवडलं असावं. आयुष्यभर तेच गणपती, तेच रावण करून कंटाळलाही असेल. तो डोळे बारीक करून म्हणाला, "करीन. सोंग कुणाचं?"

आता इथे मी शांत राहिलो असतो तर ही हकिकत झाली नसती. पण माझ्यातला लेखक छाती काढून पुढे आला. महाकालाग्नी कुणाचा? ज्यानं निर्माण केला त्याचा!

"माझं," मी म्हणालो. "एकट्याचं. दुसऱ्या कुणाचं नाही."

म्हातारा आत गेला, बाहेर आला आणि त्यानं माझ्या तळहातावर एक सुपारी ठेवली. त्याच्या मागून शेजारपाजारची दोनचार माणसंही येऊन उभी राहिली. मी आदरातिथ्याला मान देणारा माणूस आहे. कोणी काही दिलं की ते ताबडतोब संपवावं, हे आईनं शिकवलेलं. मी सुपारी तोंडात टाकली आणि दाढेनं फोडली.

अंगण गप्प झालं. एक कोंबडीही थांबली.

"चांगली आहे," मी म्हणालो. "थोडी कडक."

परतताना दोन मैलांवर शिपायानं विचारलं, "साहेब, ती गिळली?"

"मग काय करणार? का?"

"ती खायची नसते. कपाळाला लावायची, घरी देवापाशी ठेवायची. सोंग घेतलं त्याची ती खूण असते. बोहाड्याला आपण नाचणार, अशी चार माणसांत दिलेली कबुली. नाचायचं नसेल तर सुपारी परत करायची."

"मग परत करतो!"

"कुठून?" शिपाई म्हणाला.

दुसऱ्याच रविवारी मी डहाणूच्या बाजारातून किलोभर उत्तम सुपारी घेऊन त्या अंगणात हजर झालो. म्हाताऱ्यानं पिशवीत हात घालून सुपाऱ्यांची तारीफ केली, पण मान हलवली. दिलेली तीच परत यायला हवी. घेऊन परत देणारे त्यानं पाहिले होते. घेऊन हरवणाराही एक झाला होता, त्याच्याकडून त्यानं दंडाचा नारळ घेतला होता. पण खाणारा माणूस त्या गावात पूर्वी झाला नव्हता, त्यामुळे त्यावर उपायही ठरलेला नव्हता. "आता ते तुझ्या पोटात आहे," तो म्हणाला. "सोंग तुझ्याबरोबर."

ते ऐकून घरातून म्हातारी बाहेर आली. म्हाताऱ्याची बायको. उंचीनं माझ्या खांद्याइतकी, तोंडात एकही दात नाही, आणि नजर अशी की मी हातातली पिशवी पाठीमागे लपवली.

"तूच का तो? मरण करायला सांगणारा?"

"आजी, ते प्रतीक..."

"घरात सून भरल्या पोटानं आहे. नि हा म्हातारा ओटीवर मरण थापत बसलाय!"

म्हातारा घमेल्यात बघू लागला. दारात सून उभी होती. सहावा महिना असेल. ती माझ्याकडे बघून हसली, मग सासूकडे बघून हसू गिळलं.

शिपायानं मला बाजूला घेऊन सांगितलं. दोन वर्षांपूर्वी याच सुनेला दिवस भरत आल्यावर जीपमधून दवाखान्यात नेत होते. वाटेतच मूल गेलं. म्हातारी मागच्या सीटवर तिला धरून बसली होती. तेव्हापासून ती जीपमध्ये पाय ठेवत नव्हती. बाजारालाही चालत जाई.

महाकालाग्नीबद्दल मी जे काही गोळा केलं होतं, भाषणं, धूर, शाप, त्यातलं काहीच त्या ओटीवर बोलण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, "राहू द्या बाबा. मुखवटा नको. मोडून टाका."

"मोडत नाय," म्हातारा हळूच म्हणाला. "तोंड झालं. तोंड झालेलं मोडत नाय."

मग म्हातारीनंच निकाल दिला. सोंग नाचलं की शांत होतं आणि घराबाहेरच्या माचावर बांधून ठेवता येतं. नाचलं नाही की घरातच राहतं, जागं. बोहाडा चैत्रात होता. गावात बाळंतिणींची नोंद ठेवणाऱ्या आशाताईंच्या हिशेबानं सुनेचे दिवस त्यानंतर दहा-बारा दिवसांनी भरत होते. म्हणजे बोहाड्याला ते नाचलंच पाहिजे होतं.

"नि तू आला नाहीस," ती माझ्या शर्टाच्या बटणाला बोट लावून म्हणाली, "तर मी हे डोक्यावर घेऊन तुझ्या कचेरीत येईन. चालत. तुझ्या टेबलावर ठेवीन."

मी येतो म्हणालो. मला नाचता येत नाही, हे सांगायची ती जागा नव्हती.

मी कधीच नाचलेलो नव्हतो. स्वतःच्या लग्नाच्या वरातीतही मी घोड्यावर होतो म्हणून वाचलो. आता मसोलीच्या घरी डोक्यावर वेताची टोपली बांधून मी सराव सुरू केला. बायको कॉटवर बसून ताटावर ठेका धरायची. तिसऱ्या दिवशी खालचे घरमालक वर आले. ते जुने डहाणूकर, अर्धं गुजराती अर्धं मराठी बोलणारे. टोपली घातलेल्या माझ्याकडे बघून त्यांनी बायकोला विचारलं, "बेन, तब्येत तर सारी छे ना यांची?"

"कादंबरी लिहितात," बायको म्हणाली.

"अच्छा, अच्छा," म्हणत ते मागच्या पावलांनी जिना उतरले.

इकडे गावात पंचांची बैठक झाली. बोहाड्याची सोंगं रात्रभर चालतात. पण मरणाला रात्रीचं फिरवायला कोणी तयार नव्हतं. शेवटी ठरलं की गणपतीच्याही आधी, दिवस मावळायच्या आत, या नव्या सोंगानं आपलं काय ते उरकावं आणि घरी जावं. "उजेडात नाच, लोकांना दिसेल कुठे जातोस ते," म्हातारीचा निरोप होता. अकरा पानी डोळ्यांच्या माझ्या महाकालाग्नीला चहाच्या वेळेची पाळी मिळाली.

ठरल्या दिवशी मी मेहुण्याची व्हॅन मागून घेतली. नाचून झालं की म्हाताऱ्याला विचारून मुखवट्याचा फोटो काढायचा, असं अजूनही माझ्या डोक्यात होतं. बायको म्हणाली, "मीही आले असते, पण हसू आवरणार नाही आणि तिथं नवरा म्हणून तुम्हाला ओळखावं लागेल."

म्हाताऱ्यानं कापड बाजूला केलं आणि मी पहिल्यांदा मुखवटा पाहिला. रंग हिरवा-काळा. जबडा लांब. जीभ म्हणून लाल लुगड्याचा काठ, हातभर. पंख दोन मोडक्या छत्र्यांचे, बांबूला बांधलेले, ओढलं की उघडणारे. शेपूट पेंढा भरलेल्या गोधडीची, आठ हात. हे सगळं माझ्या चित्राबरहुकूम. पण चेहरा कुठेतरी पाहिलेला वाटत होता. फुगीर गाल, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी, आणि डोळ्यांत भाव असा की हा चुकीच्या खोलीत शिरलाय आणि आता बाहेर कसं पडावं ते त्याला कळत नाहीये.

"बाबा, हे..."

"ज्याचं सोंग त्याचं तोंड," म्हातारा म्हणाला. "थोडं तरी यावं लागतं."

त्यानं मुखवटा माझ्या डोक्यावर बसवला आणि मागे सुतळीच्या सात गाठी मारल्या. "एकदा संबळ वाजला की उतरवायचा नाय," त्यानं बजावलं. "इथंच परत यायचं, या खांबाला टेकायचं, मग मी उतरवीन. मधे कुणी उतरवायचा नाय. तूही नाय."

आतून जग नाकपुड्यांएवढं दिसत होतं. त्यातून मला गावातली माणसं ओळीनं बसलेली दिसली, गप्प. पुढे बायका, त्यांच्यात सून, तिच्या शेजारी म्हातारी, हात घट्ट बांधून. संबळवाल्यानं आधी विचारलंच होतं, "मरण कसं चालतं?" मी "संथ" म्हणालो होतो. त्यानं वाजवायला सुरुवात केली. मी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. भयंकर दिसावं म्हणून पंखांच्या दोऱ्या ओढल्या. डावी छत्री फट्‌कन उघडली. उजवी उघडेना. एका पंखानं मी कलंडल्यासारखा चालू लागलो. उजवी दोरी जोरात ओढली, तर उघडलेली डावी मिटली. वळून बघायला गेलो आणि पाय आपल्याच शेपटीवर पडला. पुढचं मला नाकपुडीतून एवढंच दिसलं की जमीन वर येतेय. मी संबळवाल्याच्या मांडीत पडलो. संबळ कुठेतरी घरंगळत गेला. आणि त्याच क्षणी, इतका वेळ अडलेली उजवी छत्री दिमाखात उघडली.

कोणी हसलं नाही. मरणाला हसावं की नाही, हे गावात अजून ठरलेलं नव्हतं. मग एक खुसखुस ऐकू आली. ती फुटली, मोठी झाली. सून हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढून, मागे रेलून हसत होती. मग सगळं गाव हसलं. संबळवाला माझ्या पाठीवर थापा मारत हसला. मीही त्या लगद्याच्या आत हसलो, पण ते कोणाला दिसलं नाही.

सून हसता हसता थांबली. तिनं सासूचा हात धरला.

पुढची दोन मिनिटं मी फक्त पाय पाहिले, इकडून तिकडे धावणारे. कळा सुरू झाल्या होत्या, दहा दिवस आधी. मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, फोन करत होता. तो उमरगावकडच्या एका कारखान्यात टेम्पो चालवायचा. रुग्णवाहिका दुसरीकडे गेली होती, परत यायला पाऊण तास म्हणत होते. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "ह्याची व्हॅन आहे ना!"

"चावी खिशात आहे," मी आतून ओरडलो. "मी चालवतो. आधी हे काढा!"

दोन हात माझ्या मानेशी आले आणि लगेच एका चापटीनं बाजूला झाले. चापट म्हातारीची होती.

"उतरवायचं नाय! सोंग पुरं झालं नाय!"

"आजी, मला रस्ता दिसत नाही."

"तुला कुठं दिसायला पाहिजे? हा चालवेल." मुलानं माझ्या खिशातून चावी काढली. मी म्हणालो की मग मी इथंच थांबतो, खांबाशी. हे मी खरोखर शहाणपणाचं बोललो होतो. पण म्हातारी व्हॅनच्या दाराशी थांबली होती. सून आत बसली होती आणि म्हातारीचा एक पाय पायरीवर होता. तो पाय पुढे जाईना. दोन वर्षं तिनं तो कुठल्याच गाडीत ठेवला नव्हता. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.

"ह्याला पुढं बसव," ती मुलाला म्हणाली.

"आई, वेळ नाय."

"पुढच्या सीटवर बसव. मरण पुढं बसलेलं दिसलं म्हणजे मागं नाय येत."

मग ती चढली.

अशा रीतीनं मी पुढच्या सीटवर बसलो. छत्र्या मिटून, जबडा काचेला टेकवून. शेपूट दोन सीटांच्या मधून मागे गेली होती आणि ती कोणीतरी धरली होती, हे मला पहिल्याच वळणावर कळलं. मी जरा पुढे सरकलो की मागून ओढ बसायची.

"हालू नको," मागून आवाज यायचा.

"सीटबेल्ट लावतोय, आजी."

"काय ते बसून कर."

मागे सून कण्हत होती. एकदा मधेच पुन्हा फिसकन हसली. "आत्या, त्याची जीभ बाहेर उडतेय खिडकीतून."

"उडू दे. तू तिकडं बघू नको."

हायवेला लागल्यावर एक ट्रकवाला आमच्या बाजूला आला. त्यानं आत पाहिलं, हॉर्नवरचा हात काढला आणि आपणहून मागे राहिला. मुलगा म्हणाला, "भाऊ, असं रोज बसत जा. रस्ता मोकळा होतो."

दवाखान्यात सुनेला लगेच आत नेलं. आम्ही दारातून शिरलो तेव्हा बाकांवरची माणसं बाक रिकामा करून उभी राहिली. नर्सबाई बाहेर आल्या. दिवसभर काय काय पाहिलेलं असतं त्यांनी. त्या अजिबात दचकल्या नाहीत.

"हे कोण?"

"हे मरण," म्हातारीनं सरळ सांगितलं. "ह्याला आत सोडू नको."

नर्सबाईंनी मला वरपासून शेपटीपर्यंत पाहिलं. "पेशंटचे कोण लागता?"

"कोणी नाही. आवक-जावक विभागात असतो."

"मग इथं भिंतीशी बसा. येण्याजाण्याच्या वाटेत पंख नकोत."

मी भिंतीशी बसलो. म्हातारी माझ्या शेजारी, शेपटीचं टोक दोन्ही हातांत धरून, नजर आतल्या दारावर. मुलगा येरझाऱ्या घालत होता. एक आजोबा खोकत खोकत आले, माझ्याजवळ थांबले आणि हात जोडून म्हणाले, "मी फक्त बीपी तपासायला आलोय हां." मी मान हलवली. जबडाही हलला. ते समाधानानं पुढे गेले.

आता एक गोष्ट सांगायची लाज वाटते, पण तिच्याशिवाय हकिकत पुरी होत नाही. मला लघवी लागली. घामानं लगदा नरम झाला होता, मानेत सुतळी रुतली होती, ते सगळं सोसलं. पण हे सोसवेना. महाकालाग्नीवर तीनशे पानं लिहिताना ही अडचण मला कधी सुचली नव्हती.

"आजी, जरा जाऊन येतो."

"कुठं?"

मी करंगळी दाखवली. तिनं विचार केला. मग ती उठली आणि माझ्यामागून शेपूट धरून आली, दारापर्यंत. शेपूट लांब होती म्हणून निभावलं. आतून कडी लागत नव्हती, मध्ये गोधडी होती. बाहेर ती कुणाला तरी सांगत होती, "थांब बाबा. आत मरण आहे. आत्ता येतंय."

परत येऊन बसलो. बराच वेळ गेला. मी बोलायला तोंड उघडलं, काहीतरी धीराचं, माझ्या कादंबरीत अशा प्रसंगी पानभर संवाद असायचे. एकही शब्द चालण्यासारखा सापडला नाही. येतं नि बसतं, म्हातारा म्हणाला होता. मी नुसता बसून राहिलो.

आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, चिडलेला.

नर्सबाई दारात आल्या. "मुलगी. दोघी चांगल्या आहेत."

म्हातारीनं शेपूट सोडली. मी तिच्या हातांकडे पाहिलं. गोधडीची शिवण तिच्या तळव्यांवर उमटली होती, टाका न् टाका. उठून ती आत निघाली, दारापाशी वळली आणि मला म्हणाली, "तू आता जा घरी."

मुलानं मला व्हॅनमधून गावात परत आणलं तेव्हा गणपती नाचत होता. म्हाताऱ्यानं मला खांबाला टेकवलं आणि सातही गाठी एकेक करून सोडल्या. मुखवटा निघाला, त्याच्याबरोबर माझ्या कपाळावरचे थोडे केसही. मी मुलगी झाल्याचं सांगितलं. त्यानं मुखवट्याच्या गालावरून हात फिरवला. घामानं रंग उतरला होता, हनुवटी चेपली होती. फोटो काढायचं मी विसरलो. खरं सांगायचं तर आठवलं होतं, पण विचारायला तोंड झालं नाही.

कादंबरी साताठ महिन्यांनी परत आली. साभार. पत्ता कचेरीचा दिला होता, त्यामुळे पाकिटावर आवकचा शिक्का मीच मारला. बायकोनं विचारलं, तर म्हणालो, "मरण फार बोलतं, म्हणतायत." तसं त्यांनी लिहिलं नव्हतं. पण तिला बरं वाटलं आणि संध्याकाळी गोडाचा शिरा झाला.

सोंग मात्र माझ्याकडे राहिलं. दर चैत्रात, दिवस मावळायच्या आत, मी तिथे एका पंखानं नाचायचो. दुसरी छत्री दुरुस्त करायला गावानं परवानगी दिली नाही. पडायचंही तिथेच, संबळवाल्यासमोर. न पडता नाचलो त्या वर्षी लोक नाराज झाले होते. मुलगी चालायला लागली तशी माझी जीभ धरून ओढायची आणि म्हातारी तिला ओरडायची, "ओढू नको, फाटेल. नवं लुगडं कोण देणार?"

दोन हजार एकोणीसला माझी बदली झाली, लांब, घाटावर. आता दर चैत्राला येणं जमणार नव्हतं. सोंग सोडणं भाग होतं. निघायच्या आधी नरपडला एका ओळखीच्यांच्या वाडीत गेलो, पोफळीखालून स्वतः वेचून एक सुपारी घेतली, सोलून उन्हात वाळवली आणि घेऊन त्या अंगणात गेलो. तीच सुपारी नव्हती, पण पाच वर्षं नाचल्यावर पंच एवढं चालवून घेतील असं शिपाई म्हणाला होता.

म्हातारा आता फारसा उठत नव्हता. मी सुपारी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "मला नको बाबा, मी रावण करतो." बाकीचे इकडेतिकडे बघू लागले. मरण कोणालाच घरी न्यायचं नव्हतं, मग ते कितीही पडणारं असो.

मी सुपारी परत खिशात घालणार तोच म्हातारी चुलीपासून उठली. तिनं ती माझ्या हातातून घेतली.

"बायका सोंग घेत नाय," म्हातारा म्हणाला.

"घेते कुठं? खाते," ती म्हणाली.

तोंडात दात नव्हता, म्हणून तिनं खलबत्ता ओढला आणि सुपारी कुटायला बसली. चांगली बारीक होईपर्यंत कुटली. मग अर्धी पूड माझ्या तळहातावर ठेवली आणि अर्धी आपल्या जिभेवर.

"अर्धं तुझं, अर्धं माझं. तू नाय आलास त्या साली मी पुढं बसीन." तिनं नातीकडे बोट केलं. नात माचावरच्या मुखवट्याला पेजेचा चमचा भरवत होती. "तिच्या मागं नाय जाऊ देणार."

मी पूड तोंडात टाकली. या वेळी सगळे माझ्याकडेच बघत होते, गिळतो की नाही ते.

"कशी आहे?" म्हातारीनं विचारलं.

"चांगली आहे," मी म्हणालो. "थोडी कडक."